रिकामी खुर्ची किती बोलते? खेळ, बहिष्कार आणि मानवी हक्क



आजचा विषय ऐकायला जरा लांबचा वाटतो. ऑलिंपिक कुठे, बीजिंग कुठे आणि आपली वणी कुठे! पण तासाभराच्या आत आपण या विषयातूनच कापसापाशी, अमरावतीच्या आखाड्यापाशी आणि शेवटी वणीच्याच एका माणसापाशी येणार आहोत. तेव्हा थोडा धीर धरा.

आधी ‘राजनैतिक बहिष्कार’ म्हणजे काय ते सरळ सांगतो. एखाद्या देशात मोठी क्रीडास्पर्धा भरते. त्या देशाचं सरकार आपल्याच माणसांवर अत्याचार करतं असा आरोप असतो, आणि त्याला पुरावेही असतात. मग बाकीचे देश काय करतात? खेळाडू पाठवतात, प्रशिक्षक पाठवतात, डॉक्टर पाठवतात, प्रक्षेपणाचे हक्कसुद्धा विकत घेतात. फक्त मंत्री आणि राजदूत उद्घाटनाला जात नाहीत. पाहुण्यांच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी राहते. त्या रिकाम्या खुर्चीला म्हणायचं राजनैतिक बहिष्कार.

आपल्याकडच्या लग्नात हा प्रकार सगळ्यांनी पाहिलेला आहे. भाऊबंदकीत काही बिनसलेलं असतं. म्हातारा म्हणतो, मी काही मांडवात पाय ठेवणार नाही. पण पोरं जातात, सुना जातात, आहेर पोचतो, पंगत झडते. म्हातारा तेवढा घरी. आता याला बहिष्कार म्हणायचं, की रुसवा? माझ्या आजच्या बोलण्याचा सगळा मुद्दा या एका प्रश्नात आहे.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला आधी शब्द तपासायची खोड असते. ‘बॉयकॉट’ हा इंग्रजी शब्द आला आयर्लंडमधून. १८८० साली मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचा एका जमीनदाराचा कारभारी होता. खंडकऱ्यांनी खंड कमी करून मागितला, त्याने ऐकलं नाही, उलट कुळांना जमिनीवरून हुसकावण्याचा खटाटोप केला. तेव्हा गावाने ठरवलं, याच्या शेतावर कापणीला कुणी जायचं नाही, याला दुकानातून माल द्यायचा नाही, याच्याशी बोलायचं नाही. म्हणजे इंग्रजीत हा शब्द जन्मला तोच खालून वर जाणारा. ज्यांच्या हातात काही नव्हतं, त्यांनी ज्याच्या हातात सगळं होतं त्याच्याविरुद्ध उचललेलं हे हत्यार.

आपला ‘बहिष्कार’ मात्र उलट्या दिशेने आला. तो वरून खाली आला. वाळीत टाकणं, हुक्कापाणी बंद करणं, पाणवठा तोडणं, ही जातपंचायतीची आणि गावातल्या बळकट माणसांची हत्यारं. म्हणून १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी पाक्षिक काढलं तेव्हा त्याचं नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवलं. ही गोष्ट जुन्या काळातच संपली असंही समजू नका. सामाजिक बहिष्काराच्या विरोधात महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१६ साली कायदा संमत करावा लागला आणि २०१७ पासून तो अमलात आला. म्हणजे कालपरवापर्यंत माणसं वाळीत पडत होती.

म्हणून मी म्हणतो, ‘बहिष्कार’ ऐकला की मराठी माणसाने लगेच टाळी वाजवू नये. आधी विचारावं, हा वरून खाली चाललाय की खालून वर? आणि याची किंमत कोण देतंय, बहिष्कार टाकणारा की दुसराच कुणी?

खेळाच्या मैदानावरचा खालून वर गेलेला बहिष्कार आपल्याच मराठी मुलखात झालेला आहे. पळवणकर बंधूंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. बाळू पळवणकर चर्मकार समाजातले. पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची देखभाल करता करता ते गोलंदाज झाले. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून जास्त बळी घेतले. पण हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांना कर्णधार कधी केलं नाही. मैदानावर त्यांच्या हातातला चेंडू चालायचा, पण सुरुवातीच्या काळात चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा.

१९२०च्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना वगळलं, आणि नेतृत्वाची वेळ आली तेव्हा त्यांच्या भावांचा हक्क डावलला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ संघातून बाहेर पडले. नुसते बाहेर पडले नाहीत, तर का बाहेर पडतोय हे जाहीर निवेदन काढून सांगितलं. हा भेदभाव जातीमुळे होतो आहे, हे त्यांनी झाकून ठेवलं नाही. लोकमत त्यांच्या बाजूने झुकलं. अंतिम सामन्याआधी तडजोड झाली, बाळूंना उपकर्णधार केलं गेलं, भाऊ परत आले. आणि १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले.

या घटनेत मला तीन गोष्टी दिसतात. एक, कारण स्पष्ट सांगितलं. दोन, नुकसान स्वतःचं केलं. त्या काळात त्या स्पर्धेपेक्षा मोठं मैदान त्यांच्यासाठी दुसरं नव्हतं, ते त्यांनी सोडलं. तीन, मागणी अशी होती की ती पुरी करता येईल, आणि ती पुरी झाल्यावर परत यायची वाट मोकळी होती. हा खरा बहिष्कार. आता ही तीन मापं घेऊन आपण जगात फिरून येऊ.

१९३६ चं बर्लिन घ्या. १९३५ च्या सप्टेंबरात न्यूरेंबर्गचे कायदे झाले, ज्यूंचं नागरिकत्व गेलं. अमेरिकेत मोठा वाद पेटला, जायचं की नाही. त्या वर्षाअखेरीस तिथल्या हौशी खेळाडूंच्या संघटनेत थोडक्या मतांनी ठरलं, जायचं. जर्मनीने तात्पुरत्या पाट्या काढल्या. हेलेन मायर ही तलवारपटू, तिचे वडील ज्यू, तिला संघात घेऊन जगाला दाखवली. उंच उडीतली ग्रेटेल बर्गमान मात्र आयत्या वेळी वगळली. स्पर्धेच्या तोंडावर शहरातले रोमा लोक उचलून मार्त्सानच्या छावणीत कोंडले. आणि त्याच उन्हाळ्यात बर्लिनजवळ साक्सेनहाउझेनच्या छळछावणीचं बांधकाम सुरू झालं.

या बर्लिनला आपल्या विदर्भातली माणसंही गेली होती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक ऑलिंपिकच्या निमित्ताने तिथे गेलं आणि भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. कबड्डीला परदेशात इतकं मोठं व्यासपीठ पहिल्यांदा मिळालं. आपण त्याचा अभिमान बाळगतो, बाळगावाच. गुलाम देशातल्या एका आखाड्याने जगाला सांगितलं की आमच्याकडेही शरीराचं शास्त्र आहे. ध्यानचंद यांच्या हॉकी संघानेही तेच केलं. जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी तिरंग्याला वंदन केलं आणि मग ८-१ ने जिंकले. तारीख होती १५ ऑगस्ट.

मी हे दोष द्यायला सांगत नाही. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या माणसाने, छावण्यांचं पुढचं रूप अजून जगाला दिसलेलं नसताना, काय करायला हवं होतं हे इथे पंख्याखाली बसून ठरवणं सोपं आहे. मुद्दा वेगळा आहे. यजमानाला नेमकं काय हवं होतं? त्याला पाहुणे हवे होते. जग आपल्या मांडवात जेवून गेलं, हे त्याला दाखवायचं होतं. हे एकदा लक्षात आलं, की राजनैतिक बहिष्काराच्या बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद हाती येतो. तो असा, की खेळाडू हा यजमान सरकारचा पाहुणा नाही, तो खेळाचा पाहुणा आहे. मंत्री मात्र सरकारचा पाहुणा आहे. म्हणून खेळाडू जाऊ द्या, मंत्री रोखा. शोभा तेवढी जाईल, पोराबाळांच्या मेहनतीचं वाटोळं होणार नाही. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचा नीट विचार करू.

त्यासाठी पुण्याला जावं लागेल. १९७४ साल. डेव्हिस चषकात भारताने कलकत्त्यात ऑस्ट्रेलियाला हरवलं आणि मग पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या हिरवळीवर सोव्हिएत संघाला हरवून अंतिम फेरी गाठली. विजय अमृतराज विशीतला, आनंद त्याच्याहून थोडा मोठा. अंतिम फेरीत समोर कोण? दक्षिण आफ्रिका. आणि भारताने खेळायला नकार दिला. न खेळताच चषक दक्षिण आफ्रिकेला गेला. भारत त्याआधी १९६६ ला आणि नंतर १९८७ ला अंतिम फेरीत पोचला, दोन्ही वेळा हरला. म्हणजे हा चषक आपल्या हाती कधीच आला नाही. आणि ज्या वर्षी यायची खरी शक्यता होती, त्या वर्षी आपण तो स्वतः सोडला.

हा बहिष्कार वर्णभेदाविरुद्ध होता. आपली तीन मापं लावून बघा. कारण स्पष्ट होतं का? होतं. नुकसान स्वतःचं होतं का? होतं, आणि चांगलंच. मागणी पुरी होण्यासारखी होती का? होती, वर्णभेदाचे कायदे काढा. इथे एक चौथी गोष्टही दिसते, ती पळवणकरांच्या बाबतीत वेगळी काढावी लागली नाही, कारण तिथे सोसणारे आणि लढणारे एकच होते. इथे सोसणारे दूर होते. पण त्यांनी स्वतः सांगितलं होतं की आमच्या देशाशी खेळू नका. डेनिस ब्रूटस यांच्यासारखे तिथले कवी आणि कार्यकर्ते त्यासाठी तुरुंगात गेले होते. दुसऱ्याच्या वतीने बहिष्कार टाकायचा तर त्याला तो हवा आहे का, हे विचारायला पाहिजे. इथे ते उत्तर मिळालेलं होतं.

आणि भारताची ती रिकामी जागा एकटी नव्हती. १९४६ सालीच आपण दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. जुन्या भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका वगळल्याचा शेरा असे. १९८६ साली थॅचरबाईंनी निर्बंधांना विरोध केला म्हणून एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धांवर ५९ पैकी ३२ देशांनी बहिष्कार टाकला, त्यात भारत होता. म्हणजे टेनिसच्या मैदानावर जे बोललो, तेच बाजारात बोललो, तेच पासपोर्टवर लिहिलं, तेच बारा वर्षांनी पुन्हा बोललो. वर्णभेद फक्त खेळाच्या बहिष्काराने गेला असं कुणी म्हणणार नाही. तो तिथल्या लोकांनी लढून घालवला. पण त्या लढ्याला आपलं बोलणं खरं वाटलं, कारण ते सगळीकडे सारखं होतं.

आता इथे कुणीतरी विचारलं पाहिजे, आणि विचारलंत तर मला आनंदच होईल, की किंमत सरकारने दिली की त्या दोन पोरांनी? बरोबर आहे. इमॅन्युएल कांट हा जर्मन तत्त्वज्ञ सांगून गेला, की माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका, तो स्वतः साध्य आहे. सरकारने एका तरुणाची आयुष्यातली एक संधी आपल्या धोरणासाठी वापरली, तर ते त्याला साधन करणंच झालं. हा आक्षेप खरा आहे. माझं उत्तर एवढंच, की तिथे सरकारनेही आपला व्यापार सोडलेला होता. त्यागाच्या पंगतीत खेळाडूला एकट्याला बसवलं नव्हतं. जिथे त्याला एकट्यालाच बसवतात, तिथे कांटचा आक्षेप पुरा लागू पडतो.

१९९१ साली दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेचा संघ एकवीस वर्षांनी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतला, तोही भारतात, कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर. वर्णभेदाचे मुख्य कायदे त्याच वर्षी रद्द झाले होते. वाट मोकळी ठेवली होती, त्या वाटेने पाहुणा आला. आणि त्याच्या आदल्याच महिन्यात मुंबईत पाकिस्तानचा दौरा होऊ नये म्हणून शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली. दौरा रद्द झाला. त्यामागचा राग खोटा होता असं मी म्हणत नाही. काश्मिरात माणसं मरत होती. पण आपली मापं लावली तर फरक दिसतो. उखडणाऱ्यांनी स्वतःचं काय सोडलं? सामना बघायचा, खेळायचा होता दुसऱ्यांना. आणि काय झालं म्हणजे पाकिस्तानशी खेळायचं, हे कुणी सांगितलं होतं का? ज्या बहिष्काराला संपायची अटच नाही, तो वाळीत टाकण्याच्या जवळ जातो.

आता येऊ या २०२२ च्या बीजिंगकडे. शिनजियांग प्रांतातल्या उइघुर मुसलमानांना छावण्यांत कोंडलं जातं, सक्तीने कामाला लावलं जातं, म्हणून अमेरिकेने ६ डिसेंबर २०२१ रोजी हिवाळी ऑलिंपिकवर राजनैतिक बहिष्कार जाहीर केला. दोन दिवसांत ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, कॅनडा त्यात आले. खेळाडू सगळ्यांचे गेले. अमेरिकेच्या वाहिनीने स्पर्धा दाखवल्याही. आणि त्या वर्षी अमेरिका आणि चीन यांच्यातला मालाचा व्यापार ६९० अब्ज डॉलरच्या घरात गेला, तोपर्यंतचा उच्चांक. आपली जुनी म्हण आहे, एकादशी अन् दुप्पट खाशी. (हशा)

यजमानाने काय केलं? उद्घाटनाला ज्योत पेटवायला दोन खेळाडू निवडले, त्यातली एक मुलगी उइघुर होती. तुम्ही रिकामी खुर्ची दाखवता, आम्ही हसरी उइघुर मुलगी दाखवतो. खुणेला खुणेने उत्तर. बर्लिनमधल्या हेलेन मायरची आठवण येते ती यामुळे. खुणांच्या खेळात यजमान नेहमीच वरचढ असतो, कारण मांडव त्याचा, दिवे त्याचे, कॅमेरेही त्याचेच.

पण अमेरिकेने त्याच डिसेंबरात आणखी एक गोष्ट केली, आणि ती आपल्या कापसाच्या मुलखाने लक्षात घ्यावी अशी आहे. त्यांनी कायदा केला, की शिनजियांगमधून आलेला माल सक्तीच्या श्रमातून बनला असं धरूनच चालायचं, तसा नाही हे आणणाऱ्याने सिद्ध करायचं. जगातल्या कापसाचा साधारण पाचवा हिस्सा त्या एका प्रांतात पिकतो. म्हणजे हा कायदा थेट गाठींवर, सुतावर, कपड्यावर आला. त्याची झळ अमेरिकेतल्या व्यापाऱ्यालाही बसली. यात अमेरिकेचा स्वार्थ नव्हता का? असेल. तरी बघा, उइघुर माणसाशी ज्याचा खरा संबंध होता ते बंदरावर अडवलेल्या गाठींमध्ये होतं. उद्घाटनाच्या रिकाम्या खुर्चीत फार थोडं होतं.

आणि भारत? २०२१ च्या नोव्हेंबरात रशिया, भारत, चीन यांच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या संयुक्त निवेदनात आपण बीजिंग ऑलिंपिकला पाठिंबा दिला होता. तेव्हा उइघुर होतेच, छावण्याही होत्याच. मग फेब्रुवारीत चीनने मशाल घेऊन धावायला ची फाबाओ नावाचा लष्करी अधिकारी निवडला. हा गलवानच्या चकमकीत जखमी झालेला. त्या चकमकीत जून २०२० मध्ये आपले २० जवान गेले. साहजिकच देशाला चीड आली. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी आपण जाहीर केलं, बीजिंगमधले आपले प्रभारी राजदूत उद्घाटनाला आणि समारोपाला जाणार नाहीत. दूरदर्शन हे दोन्ही सोहळे दाखवणार नाही.

माझं स्पष्ट मत सांगतो. हा निषेध योग्य होता. जवानांच्या मरणाची अशी थट्टा कुणी मुकाट्याने बघू नये. पण हा मानवी हक्कांसाठीचा बहिष्कार नव्हता. तो आपल्या अपमानाचा निषेध होता. या दोन गोष्टींना एकच नाव देऊ नका. आपल्या माणसासाठी रागावणं हे कर्तव्य आहे, पण त्यात नैतिकतेची परीक्षा होत नाही. परीक्षा होते ती ज्याच्याशी आपलं नातं नाही, ज्याच्याकडून काही मिळणार नाही, त्याच्यासाठी आपण काय सोडतो तेव्हा. ती परीक्षा आठ महिन्यांनी आली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने अहवाल दिला, की शिनजियांगमध्ये मानवतेविरुद्धचे गुन्हे घडले असण्याची शक्यता आहे. त्यावर नुसती चर्चा करायची का, एवढ्या प्रश्नावर ६ ऑक्टोबर २०२२ रोजी मानवी हक्क परिषदेत मतदान झालं. बाजूने १७, विरोधात १९, तटस्थ ११. चर्चा झाली नाही. भारत तटस्थ होता. एखाद्या देशाला नावाने लक्ष्य करणाऱ्या ठरावांवर आपण मत देत नाही, असं परराष्ट्र खात्याने सांगितलं. शिनजियांगमधल्या लोकांच्या हक्कांचा आदर व्हावा, असंही सांगितलं. पण मंडळी, ज्या देशाने ऐन भरात एका देशाचं नाव घेऊन, तेही आपल्या पासपोर्टवर छापून, चार दशकं बहिष्कार चालवला, त्याच्या तोंडी हे स्पष्टीकरण शोभत नाही. त्या २०२२ सालात चीनशी आपला व्यापार १३५ अब्ज डॉलरवर गेला, हेही त्याच कागदावर लिहून ठेवा.

आणि किंमत कुणी दिली? बीजिंगला भारताचा एकच खेळाडू गेला होता. आरिफ खान, काश्मीरचा, बर्फावर स्कीइंग करणारा. उद्घाटनात तिरंगा त्याच्या हातात होता. आणि देशाची वाहिनी तो सोहळा दाखवत नव्हती. राजनैतिक बहिष्काराची सगळी तरफदारी या एका गोष्टीवर उभी असते, की खेळाडूला झळ लागत नाही. इथे लागली. काश्मीरचा एक मुलगा जगासमोर एकटा तिरंगा घेऊन चालतोय, आणि दूरदर्शनवर दुसरंच काहीतरी चालू आहे. आपल्या रागाचा तिकिटाचा पैसा त्याच्या खिशातून गेला, असं मला वाटतं.

गेल्या वर्षी याचंच दुसरं रूप दिसलं. पहलगामला एप्रिल २०२५ मध्ये २६ माणसं मारली गेली, त्यात आपल्या महाराष्ट्रातली सहा होती. ते दुःख खरं आहे, त्यावर कुणी वाद घालू नये. ऑगस्टमध्ये केंद्राने धोरण सांगितलं, पाकिस्तानशी द्विपक्षीय सामने नाहीत, बहुदेशीय स्पर्धांत खेळायचं. सप्टेंबरात दुबईत आशिया चषकात आपण त्यांच्याशी तीनदा खेळलो. तिकिटं विकली गेली, जाहिराती झाल्या. फक्त हात मिळवला नाही, आणि शेवटी चषकही त्यांच्या माणसाच्या हातून घेतला नाही. आता ताडून बघा. बीजिंगमध्ये खेळाडू गेले आणि मुत्सद्दी घरी बसले. दुबईत मुत्सद्द्याचं काम खेळाडूंना करायला लावलं. दोन्हीकडे बाजार मात्र चालू राहिला. खेळायचं नसेल तर खेळू नका, त्याचा मी आदर करीन. खेळायचं असेल तर माणसासारखं खेळा. पण पंगतीला बसून यजमानाकडे पाठ करायची, यात ना शोक आहे ना निषेध.

यावर आक्षेप येतो, की सर, राष्ट्र म्हणजे काही पळवणकर बंधू नव्हेत. राष्ट्राला तेल लागतं, यंत्रं लागतात, सीमा सांभाळावी लागते. ते सगळं सोडून नीतीच्या मागे धावता येत नाही. मान्य. मी असं म्हणतच नाही की प्रत्येक अन्यायावर व्यापार तोडा. मी म्हणतो, जेवढं परवडतं तेवढंच करा, पण त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. खुर्ची रिकामी ठेवली, तर म्हणा, आम्ही नापसंती दाखवली. बहिष्कार म्हणू नका. कारण शब्द स्वस्त केला, की ज्याला उद्या तो खरोखर लागेल त्याच्या हातात खोटं नाणं उरतं.

खुर्ची सोडणं म्हणजे काय, हे वणीला बाहेरून शिकायची गरज नाही. माधव श्रीहरी अणे, आपले लोकनायक बापूजी अणे, या वणीत जन्मले ते १८८० साली. योगायोग बघा, कॅप्टन बॉयकॉटवर बहिष्कार पडला तेही तेच वर्ष. बापूजी १९४१ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, परदेशस्थ भारतीयांचं खातं त्यांच्याकडे होतं. त्यावरही टीका झाली. मग १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये उपोषण सुरू केलं. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हतं. तेव्हा होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि बापूजी अणे, तिघांनी राजीनामे दिले. एका संध्याकाळपुरती खुर्ची रिकामी ठेवली नाही, खुर्चीच सोडली. पुढे काही महिन्यांनी सिलोनमधल्या प्रतिनिधीचं पद त्यांनी घेतलं, हेही खरं. माणूस होता, देवाचा अवतार नव्हता. पण त्या फेब्रुवारीत जे बोलायचं होतं त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या पदाने दिली. दुसऱ्या कुणाला द्यायला लावली नाही.

शेवटचा मुद्दा सांगतो आणि थांबतो. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही आपला प्रयत्न आहे. म्हणजे उद्या मांडव आपला असेल. आपल्या देशातल्या महिला कुस्तीगीर २०२३ साली लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीच्या रस्त्यावर बसल्या होत्या. २८ मे रोजी, नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या दिवशी, पोलिसांनी त्यांना फरफटत उचलून नेलं. त्यात ऑलिंपिक पदक मिळवलेली मुलगीही होती. उद्या एखाद्या देशाने म्हटलं, की या कारणासाठी आमचा मंत्री अहमदाबादला येणार नाही, तर आपण काय म्हणू? हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असं म्हणू? चीनही तेच म्हणतो. दक्षिण आफ्रिकाही तेच म्हणायची. आणि १९२० मध्ये हिंदू जिमखान्यालाही ही आपल्या घरातली बाब वाटत असणार.

मी स्वतः त्या देशाला एवढंच विचारीन, की बाबा रे, कारण नीट सांगितलंस का, आमच्या त्या मुलींना हे हवं आहे का ते विचारलंस का, यात तुझं स्वतःचं काय जातंय, आणि आम्ही काय केलं म्हणजे तू परत येशील? या चार प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे असतील, तर त्याची रिकामी खुर्ची मला टोचली पाहिजे. माझा देश आहे म्हणून तर जास्तच टोचली पाहिजे. नसतील, तर तो रुसलेला पाहुणा आहे, त्याला चहा पाठवू आणि पुढच्या कामाला लागू.

आता तुमचे प्रश्न घेतो.